आदामोरच्या पायांशी

१

आमच्या सोलिमोंइस नदीत पिराकाचिंगा नावाचा मासा आहे. राखाडी, बिनखवल्यांचा, लांब मिश्यांचा. नदीकाठची माणसं त्याला पाण्यातलं गिधाड म्हणतात, कारण तो मेलेलंच खातो. जिवंत माणूस त्याच्यामध्ये दिवसभर उभा राहिला तरी त्याला तो शिवत नाही. आम्ही हा मासा खात नाही, नुसता धरायचो. तेव्हा तो धरायला बंदी आलेली नव्हती, आणि बर्फाच्या मोठ्या होड्या दर आठवड्याला येऊन जेवढा असेल तेवढा घेऊन जायच्या. पुढे तो कोण खातं ते आम्ही विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

ऑगस्टात पाणी उतरलं की माझा नवरा आदामोर तळ्याच्या मुखाशी पेटी बसवायचा. पेटी म्हणजे फळ्यांचा चौकोनी हौद. खालच्या फळ्यांत फटी ठेवलेल्या, आणि वर तीन बाजूंनी उभं राहायला पाट. आत मगरीचं कुजलेलं मांस दोरीला बांधून सोडायचं. वासावर मासे फटींतून आत शिरायचे, आणि मांसाला असे लगडायचे की दोरी थरथरत राहायची. आदामोर कमरेइतक्या पाण्यात उभा राहून नुसत्या हातांनी त्यांना उचलून पाटावर फेकायचा. मी पाटावर सुरी घेऊन बसलेली.

आदामोर म्हणजे बडबड्या माणूस. प्रत्येक माशाला माझ्या माहेरच्या कुणाचं तरी नाव द्यायचा.

"हा बघ, इदालिना, तुझा थोरला मामा! मिशी बघ मिशी!"

"मेल्या, माझा मामा गोरा होता."

"मेल्यावर सगळे राखाडीच."

मी त्याला दिवसातून वीसदा तरी 'मेल्या' म्हणत असेन. एकोणीस वर्षांच्या संसारात त्याला दुसरं नाव असं उरलंच नव्हतं. अंगाला येणाऱ्या वासाचंही आम्हाला काही वाटत नसे. वास फक्त पाहुण्यांना यायचा, आणि त्यामुळे पाहुणे फार वेळ बसत नसत. तीही एक सोयच होती.

२

त्या मंगळवारी सकाळी मी होडीतून मांसाचं पोतं काढत होते. आदामोर पुढे जाऊन पेटीत उतरलाही होता. मी गाठ सोडतेय तोवर पाटावर थप् असा आवाज झाला. मग दुसरा. मग तिसरा.

मी मान वळवली. तीन मासे पाटावर तडफडत होते.

"अगं, आज उपाशी आलेत बिचारे," आदामोर म्हणाला. "जेवण मांडायच्या आधीच पानावर बसलेत!"

मांस अजून माझ्या हातात होतं.

मी म्हटलं, कालचा एखादा तुकडा तळाशी राहिला असेल. मांस बांधून पाण्यात सोडलं आणि बघत बसले. दोरी हलली नाही. पाच मिनिटं, दहा मिनिटं, सरळच्या सरळ लोंबत राहिली. मासे सगळे आदामोरच्या भोवती. पाणी त्याच्या कमरेशी नुसतं उकळल्यासारखं झालं होतं, आणि तो गुदगुल्या होऊन हसत होता.

"मिश्या लावतात गं! ए, ए, तिथे नाही!"

"चावतात का?"

"छे! नुसते चाचपतात. बाजारात भाजीवालीकडे बायका चाचपतात ना, तसे."

मी म्हटलं, त्याची अर्धी विजार. दोन वर्षं हीच विजार, रक्तात आणि चरबीत मुरलेली. तिला वास येत असणार. त्या दुपारी ती दोनदा साबणाने धुतली, तिसऱ्यांदा राखेने घासली, आणि तरी विश्वास नाही म्हणून त्याला घरातल्या ट्रंकेतली कोरी विजार काढून दिली. लग्नाला जायची विजार माशांत घालायची म्हणून तो जरा कुरकुरला.

बुधवारी पुन्हा तेच. मांसाकडे एकही मासा फिरकला नाही.

३

आता खरं सांगायचं तर त्या आठवड्यात आम्ही खुशीत होतो. मांसासाठी मगर शोधत हिंडायला नको, ते कुजवायला नको, रोज दोरीला बांधायला नको. नवरा पाण्यात सोडला की झालं. बर्फवाले म्हणाले, एवढा माल आजवर या तळ्यावरून आम्ही उचललेला नाही.

आदामोरची धाकटी बहीण झुल्मिरा आमच्या शेजारीच राहायची. तिचं घरही आमच्यासारखंच, ओंडक्यांवर तरंगणारं. तिच्या जिभेला हाड नाही. गंमत बघायला ती शुक्रवारी होडी घेऊन आली आणि पाटावर कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"घ्या! चव्वेचाळीस वर्षांत पहिल्यांदा दादा कुणाला तरी हवाहवासा वाटला."

"तू जळतेस," आदामोर म्हणाला.

"मी? थांब, मी पण येते. मला बघून तुला सोडून पळतील."

ती अंगावरच्या कपड्यांनिशी पेटीत उतरली. आणि मासे खरंच पळाले, पण आदामोरपासून नाही, तिच्यापासून. तिच्याभोवती हातभर मोकळं पाणी राहिलं. ती एक पाऊल पुढे आली की तेवढे मासे मागे सरायचे. आदामोरच्या अंगाला मात्र चिकटून राहिले होते.

"माझ्याजवळ एकही येईना!" झुल्मिरा हसत म्हणाली. "मी काय एवढी वाईट आहे?"

"तू काल आंघोळ केलीस, तुझी चूक आहे," आदामोर म्हणाला.

आम्ही तिघंही हसलो. झुल्मिरा वर चढली, माझ्याशेजारी येऊन बसली, केस पिळायला लागली. केस पिळता पिळता तिचं हसू कुठेतरी गेलं.

"वहिनी," ती हळूच म्हणाली, "हे जिवंताला शिवत नाहीत ना गं?"

मी सुरी चालवत राहिले. मग तीच म्हणाली, "नाही, म्हणजे आपलं विचारलं." आणि मोठ्यांदा हसली. त्या हसण्यामुळेच मला जास्त भीती वाटली.

४

सोमवारी दवाखान्याची होडी आली. तिच्यावर ओसिमार नावाचा परिचारक असतो. जाडा, घामट, प्रेमळ माणूस. मी आदामोरला हाताला धरून नेलं.

"काय होतंय?" ओसिमारने विचारलं.

"मला काही नाही," आदामोर म्हणाला. "बायकोला होतंय."

"मग तिला तपासू?"

"नको, यालाच तपास," मी म्हटलं. "नीट तपास. सगळं तपास."

ओसिमारने छातीला नळी लावली, पाठीला लावली, दंडाला पट्टा आवळला, मलेरियासाठी बोटातून थेंब काढला. थेंब चांगला लाल होता. डोळे बघितले, जीभ बघितली, गुडघ्यावर हातोडीने मारलं तर आदामोरची लाथ त्याच्या पोटात बसली.

"बैल आहे बैल," ओसिमार पोट चोळत म्हणाला. "इदालिनाबाई, हा आपल्या सगळ्यांना पोचवून मग जाईल."

मला एवढं हलकं वाटलं की येताना होडीत मीच गाणं म्हटलं. आदामोर बिचारा कधीच सुरात नसतो, त्या दिवशी मी त्याच्यापेक्षा बेसूर गायले.

जेवण झाल्यावर तो आपल्या झोळीत आडवा झाला. आमच्याकडे खाटा नसतात, दोन खांबांना झोळी बांधून निजतात. मी हळूच वाकून त्याच्या छातीला कान लावला. धप्, धप्, धप्. संथ, चांगलं, घड्याळासारखं.

तेव्हाच मला दुसरा आवाज आला. जमिनीखालून.

कुणीतरी मऊ केरसुणीने ओंडके झाडावेत तसा. खूप केरसुण्या, घाई नसलेल्या. मी गुडघ्यांवर बसले आणि फळीला कान लावला. झोळीच्या बरोबर खाली मिश्या फिरत होत्या. चुलीकडे गेले, तिथे काही नाही. दाराशी काही नाही. भांड्यांच्या मांडणीखाली नुसतं पाणी लागत होतं, रोजचं.

मी म्हटलं, तिथे ओंडक्याला शेवाळं असेल. शेवाळ्यात कुजकं काही अडकलं असेल. हा मासा कुजक्यालाच येतो, त्यात नवल काय?

तरी मी हाक मारली. "आदामोर, जरा इकडे चुलीजवळ ये. हा डबा उघडत नाहीये."

तो जांभया देत उठला आणि चुलीजवळ आला. फळ्या त्याच्या वजनाने करकरल्या. आणि फळ्यांखालून, त्याच्या मागोमाग, दीड पाऊल मागे राहून, ती झाडण्याची सरसर झोळीपासून चुलीपर्यंत आली आणि थांबली.

डब्याचं झाकण सैलच होतं. त्याने बोटाने उचललं.

"हा उघडत नव्हता?"

"मगाशी उघडत नव्हता," मी म्हटलं.

५

मग मी मागे मागे जाऊन दिवस मोजले. मंगळवारच्या आधी काय झालं होतं? त्याच्या आदल्या रविवारी वादळ झालं होतं. आदामोर पलीकडच्या काठाला मीठ आणायला गेला होता आणि संध्याकाळी होडीशिवाय परत आला होता. वाळूवरून चालत, हातात नुसतं वल्हं, हसत. दोन होड्यांतली चांगली होडी गेली म्हणून मी त्याच्यावर इतकी ओरडले की बाकी काही विचारायचं राहूनच गेलं.

आता विचारलं. तो जाळ्याची गाठ मारत बसला होता.

"त्या रविवारी होडी कुठे उलटली रे?"

"मध्यावर."

"मध्यावर? मोठ्या धारेत?"

"हो. एकदम आडवी लाट आली."

"मग?"

"मग काय, काठावर होतो."

"मधलं सांग."

त्याने गाठीवरून नजर उचलली नाही. "मधलं काय सांगायचं? पोहलो असेन."

तुम्हाला आदामोर माहीत नाही म्हणून सांगते. हा माणूस मिठाची पुडी आणायला गेला तर येऊन दोन कप कॉफी संपेपर्यंत सांगतो. दुकानदार काय म्हणाला, दुकानदाराची सासू काय म्हणाली, कुत्रं कसं आडवं आलं. एकदा पायात काटा गेला त्याची गोष्ट तो अजून सांगतो, आणि दर वर्षी काटा वाढतो. भर वादळात सोलिमोंइसच्या मध्यावरून पोहून आलेला आदामोर पुढची वीस वर्षं कुणाला बोलू द्यायचा नाही. आणि ही गोष्ट दोन वाक्यांत संपली.

"दमला असशील," मी म्हटलं.

"नाही गं," तो म्हणाला. "तीच तर गंमत. काहीच दमलो नाही."

६

दुसऱ्या दिवशी मी ठरवून बघितलं.

मोठी नदी गढूळ आहे, तिच्यात हाताची बोटं दिसत नाहीत. पण आमची पेटी तळ्याच्या मुखाशी होती, तिथलं पाणी काळं आणि स्वच्छ. भर दुपारी ऊन डोक्यावर आलं की कोऱ्या चहातून कपाचा तळ दिसावा तसा तळ दिसतो. मी त्या वेळेची वाट बघितली. मग सुरी बाजूला ठेवली आणि पाटावर पालथी पडून फळ्यांच्या फटीला डोळा लावला.

आदामोर वर गात होता. त्याचे हात पाण्यात येत, मासा घेत, वर जात. थप्. थप्. मला फक्त मासे दिसत होते. एकावर एक, इतके दाट की त्यांच्या पाठींचा राखाडी खांबच उभा होता, त्याच्या कमरेपासून तळापर्यंत. मला त्याचे पाय बघायचे होते. मी वाट बघितली.

मग त्याने वजन एका पायावरून दुसऱ्यावर टाकलं, आणि मासे क्षणभर उघडले.

डावा पाय गुडघ्यापर्यंत होता. तो मला नीट दिसला, गुडघ्यावरचा लहानपणीचा व्रणसुद्धा. त्याच्या खाली एक मासा जात होता. सावकाश, मिश्या पुढे करून, जिथे त्याची पोटरी असायला हवी तिथूनच सरळ पलीकडे गेला. त्याच्यामागून दुसरा गेला. दोघांच्या मधून मला पेटीची पलीकडची फळी दिसली, आणि तिच्यातला खिळा.

मग मासे मिटले.

"काय शोधतेस गं तिथे?" वरून आवाज आला.

"काही नाही." मी उठून बसले. "मेल्..."

तो शब्द माझ्या तोंडातच अडकला. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. मी तो परत गिळला.

"आदामोर," मी म्हटलं. "जेवायला चल."

तो पाटाला हात टेकून वर चढला. आधी डावा पाय. मी बघत होते. पोटरी होती, तिच्यावर ओले केस चिकटले होते, पाच बोटं होती, अंगठ्याचं नख अर्धं तुटलेलं होतं. फळीवर ओला ठसा उमटला, सबंध तळव्याचा. मग उजवा. मी त्याला तळलेला मासा आणि कसाव्याच्या कंदाचा भरडा वाढला. त्याने दोनदा मागून घेतलं आणि झुल्मिराच्या नवऱ्याची नक्कल करून दाखवली. मी हसलेसुद्धा.

७

झुल्मिराला मी सगळं सांगितलं नाही. एवढंच म्हटलं की मला बरं वाटत नाही.

"माझ्याकडे येऊन राहा," ती म्हणाली. "दादाला मी काहीतरी सांगेन."

मी रात्रभर विचार केला... नाही, रात्रसुद्धा लागली नाही. तिच्या ओट्यावर कॉफी संपेपर्यंत विचार केला. उन्हाने चुकून दिसलं असेल. पाणी वस्तू वाकडी दाखवतं, वल्हंसुद्धा पाण्यात मोडलेलं दिसतं. आणि समजा चुकून दिसलं नसेल. तर मग काय? माणूस जेवतो, हसतो, माझ्या पाठीला तेल लावतो, छाती धप् धप् वाजते. त्याला मी कुठे टाकू? कुणाला परत देऊ?

"नको," मी म्हटलं. "माझं घर बरं."

दुसऱ्या दिवशी सकाळी उजाडल्यावर मी कुऱ्हाड घेऊन गेले आणि पेटी फोडायला लागले. आदामोर दारात कप घेऊन उभा होता. मला वाटलं, आता धावत येईल, ओरडेल. महिन्याची मेहनत होती त्याची, आणि मोसमाचे अजून सात आठवडे बाकी होते. मी उत्तरं तयार ठेवली होती, तीन-चार, सगळी खोटी.

त्याने कॉफी संपवली. कप विसळून पालथा घातला. मग दुसरी कुऱ्हाड घेऊन आला आणि पाटावर उभा राहिला, पाण्यात उतरला नाही.

"खालच्या फळ्या आधी काढ," तो म्हणाला. "वरच्यांचे खिळे गंजलेत, त्या आपोआप येतील."

का फोडतेस, असं त्याने विचारलं नाही. दुपारपर्यंत आम्ही दोघांनी मिळून तिच्या फळ्या फळ्या केल्या. पंधरा दिवसांत घर झुल्मिराला दिलं आणि तेफे गावात आलो, वरच्या अंगाला, टेकडीवर, जिथे बादलीशिवाय पाणी दिसत नाही.

८

त्याला आता सहा वर्षं झाली. आदामोर कोपऱ्यावर होड्यांची इंजिनं दुरुस्त करतो. गिऱ्हाईक इंजिन उचलून टेकडीवर आणतं, कारण तो खाली धक्क्यावर जात नाही. लोक कुरकुरतात पण येतात, त्याच्या गप्पा ऐकायला. मी कोंबडीचा रस्सा विकते. दर डिसेंबरात ओसिमार भेटतो, नळी लावतो आणि बैल म्हणतो. आदामोरला सर्दीसुद्धा झालेली नाही. गेल्या वर्षी गल्लीत ताप आला, मी पडले, समोरची चार माणसं पडली, तोच सगळ्यांना सूप पोचवत फिरत होता. आम्ही मजेत आहोत. हे मी मनापासून सांगते.

गेल्या रविवारी झुल्मिरा आली होती. मोठा तांबाकी मासा घेऊन आली, दिवसभर हसवून गेली. ती गेल्यावर आम्ही दोघं उरलेलं खात बसलो. दुपारचं ऊन दारातून आत आलं होतं. आदामोर काटे काढत होता, आणि काटे काढता काढताच बोलला.

"इदालिना, तू पाटावर पालथी पडली होतीस, त्या दिवशी काय बघितलंस?"

सहा वर्षांत पहिल्यांदा.

"मासे," मी म्हटलं.

"नुसते मासे?"

"खूप होते."

त्याने एक काटा ताटाच्या कडेला ठेवला.

"मीही बघितलं होतं एकदा खाली," तो म्हणाला. "तुझ्या दोन दिवस आधी. तू मीठ आणायला होडीकडे गेली होतीस तेव्हा."

बाहेर कुणीतरी इंजिनाची दोरी ओढून बघत होतं, ते सुरू होत नव्हतं.

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू मला घरात घेतलं असतंस?" आदामोर म्हणाला, आणि हसला, अगदी नेहमीसारखा. मग ताट पुढे केलं. "भात आहे का अजून?"

होता. मी वाढला.